कोठीचं यान

रूपचंद गुरुजींचा सगळा प्रकार म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. १९६२च्या पंधरा ऑगस्टला त्यांनी तापीकाठच्या शाळेत अवकाशयानाचं नाटक बसवलं. पैसा नव्हता. म्हणून भाईदास पाटलांची छातीएवढी उंच, ज्वारी साठवायची पत्र्याची कोठी मागून आणली, तिला चुना फासला आणि झालं यान तयार! आत बसायला शाळेचा शिपाई उखा. शिपायाला नाही म्हणता येतं का?

नाटकात यानातली हवा संपते, वीर आतून धडका देतो, ‘द्वार उघडा, माझे प्राण चालले!’ असं ओरडतो आणि मगच वरच्या झाकणाची बाहेरची कडी निघते. उखाने ती वाक्यं महिनाभर घोकली. घरी असं कोण बोलतं?

यान उडाल्याचा धूर दिसावा म्हणून गुरुजींनी ऐन वेळी कोठीच्या बुडाशी घमेल्यात भिजका कडबा पेटवला. धान्य काढायच्या खालच्या भोकातून सगळा धूर आत शिरला. उखाची छाती दाटली, डोळे फुटायला आले. त्याने पत्र्यावर धडका दिल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! संतापाने त्याच्या अंगाची लाहीलाही झाली. घोकलेलं एकही वाक्य आठवेना.

“माले काढा रे! मी मरी ऱ्हायनू!”

लोक पोट धरून हसले. गुरुजी कोठीला तोंड लावून दातओठ खात म्हणाले, “गाढवा, तपासणीचे साहेब बसलेत समोर. शुद्ध बोल!”

इथे माणूस जिवाला मुकतोय आणि ह्यांना शुद्ध हवंय!

बायकांत बसलेली धनुबाई, उखाची बायको, तेवढी हसली नाही. नाटकातली वाक्यं तिने रोज चुलीपाशी ऐकली होती. त्यांत हे नव्हतं. ती पोरांना तुडवत स्टेजवर चढली.

“हाई नाटक नही शे! मन्हा धनी मरी ऱ्हायना!” म्हणत तिने कडी काढली आणि नवऱ्याला बखोटीला धरून वर ओढलं.

उखा स्टेजवरच ओकला. गुरुजी खेकसले, “वाटोळं केलंस माझं! जा आत, शेवटचं वाक्य राहिलंय.”

उखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी गेली खड्ड्यात. त्याने गुरुजींची मानगूट धरली आणि त्यांचं डोकं कोठीत खुपसलं. कडबा अजून धुमसत होता. गुरुजी पाय झाडायला लागले.

“सोड रे भाऊ! मन्हा जीव जाई ऱ्हायना!”

या खेपेला कोणी हसलं नाही. साहेबांसकट सगळे सोडवायला धावले.