पाठमोरा

शरीरशास्त्राच्या त्या जुन्या संस्थेत आता रविवारी कोणालाही आत सोडतात. दाराशीच दुकान, त्यात कवटीच्या आकाराचे साबण आणि रबरी काळजांचे कीचेन. किळस यायला मला तेवढंच पुरलं. फॉर्मॅलिनचा वास तर अजून पुढेच होता.

आईचं दुकानाकडे लक्षच नव्हतं. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता, याच संस्थेच्या दवाखान्यात. पाठीचा कणा उघडाच असलेला तो तासभर जगला आणि डॉक्टरांनी त्याला अभ्यासासाठी मागून घेतलं. तुम्हाला बघवणार नाही, असं म्हणून तिला त्याचा चेहराही कोणी दाखवला नाही. बाबा होते तोवर घरात हा विषय काढायची सोय नव्हती. ते गेल्यावर एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मला त्याचं तोंड बघायचंय."

गाइड तोंडाळ होता. प्रत्येक बरणीपाशी त्याचा एक ठरलेला विनोद, आणि त्यावर लोक पैसे वसूल झाल्यासारखे हसायचे. शेवटच्या दालनात दोरीमागे एक बरणी एकटीच ठेवली होती. पाठीचा कणा असा उघडा राहिलेलं आमच्याकडचं हे एकच बाळ, असं त्याने सांगितलं. सालही त्याने सांगितलं, आईच्या त्या बाळंतपणाचंच. आईने माझं मनगट धरलं.

"हा आमचा सगळ्यात गाजलेला नमुना," तो म्हणाला.

"आमच्या दिरांना बघा, याहून मोठा नमुना," एक बाई म्हणाली आणि अख्खं दालन खिदळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन काढून बरणीसोबत स्वतःचा फोटोही घेतला, ओठांचा चंबू करून.

गर्दी पांगली तशी आई पुढे झाली. बाळ पाठमोरं होतं. वळलेली मूठ, कानाची पाळी, मानेवरची लव, सगळं दिसत होतं. तोंड तेवढं भिंतीकडे. जरा फिरवता का, असं तिने गाइडला अगदी हळू विचारलं.

"पाठच बघायची असते, मावशी. तोंडात काही विशेष नाही. चारचौघांसारखं आहे."

मी दोरी ओलांडली. तो अहो अहो करत राहिला, पण मी बरणी दोन्ही हातांनी धरून फिरवली. काच चिकट होती, कुणाकुणाच्या बोटांनी बरबटलेली. आतलं पाणी हललं आणि त्याचं तोंड आमच्याकडे आलं.

खरंच, चारचौघांसारखं. मिटलेले डोळे आणि आईची रुंद हनुवटी. न बघवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. एवढी वर्षं तिला हे खोटं पुरवलं होतं, आणि खोटं बोलणारे घरी जाऊन सुखाने जेवले असतील.

आई रडली नाही. पदराने तिने काच पुसली, पुन्हा पुन्हा, बाळाचं तोंड पुसावं तशी. मग गाइडला म्हणाली, "आता याला असाच राहू द्या."

"मग लोकांना काय दिसणार?"

"मुलगा," आई म्हणाली.

त्याने मान डोलावली. बरं म्हणाला. आम्ही दारापर्यंतही पोचलो नव्हतो, तोच मागे फळीवर काच घासल्याचा आवाज आला.