उजव्या कडेपलीकडे

बुधवारी दुपारी हिलरीमास्तरांनी नेहमीसारखा माऊस उजवीकडे सरकवला. त्यांच्या पडद्यावरचा बाण कडेला जाऊन दिसेनासा झाला आणि शेजारी ठेवलेल्या लेकीच्या, ॲंजेलाच्या, लॅपटॉपवर डावीकडून बाहेर आला.

"पाणी वळवलं गं," ते म्हणाले. "आलं का?"

ॲंजेलाच्या कानात इयरफोन होते. मान न वळवता तिने हात लांब करून कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला.

"आलं का, म्हणतोय मी."

तिने अंगठा वर केला. मास्तरांना अंगठा चालत नसे. त्यांच्या लहानपणी गावातल्या एका विहिरीवर दोन भावांच्या केळीच्या वाड्या पोसल्या जात. एकाची पाळी संपली की तो पाटाचं तोंड फिरवायचा आणि ओरडायचा, "आलं का?" केळींच्या पलीकडून दुसऱ्याने "आलं" म्हणायचं. तसं उत्तर येईपर्यंत पहिल्याने जागचं हलायचं नाही, कारण वाटेत खेकड्याच्या बिळात पाणी शिरलं तर दोघांचीही वाडी कोरडी. आता विहिरीवर पंप होता, अर्ध्या वाडीवर काकांच्या मुलाचा बंगला होता आणि मास्तरांकडे माऊस होता.

लॅपटॉपच्या कीबोर्डवर कॉफी सांडल्यापासून ही व्यवस्था चालू होती. मास्तरांच्या मुलाने, जेन्सनने, दोन्ही कॉम्प्युटर घरातल्या घरात असे जोडून दिले होते की मास्तरांचाच कीबोर्ड आणि माऊस दोन्हीकडे चालावा. बाण ज्या पडद्यावर असेल तिथे अक्षरं उमटायची.

"दुसरा कीबोर्ड घ्यायला काय होतं?" दिवाणावर आडव्या झालेल्या मास्तरांच्या पत्नी बर्था म्हणाल्या. "चिंगूस कुठचे."

"एका विहिरीवर माझ्या बापाने अकरा माणसं जगवली. इथे आपण दोघंच, तेही बसून."

"बसूनच असता तुम्ही. पुढची ओळ सांगू का? मला झोप येतेय."

"थांब. पाळी लेकीची आहे."

मास्तर गावातली लग्नाची गाणी टाइप करत होते. बर्था दिवाणावरून सांगायच्या, मास्तर कळा बडवायचे. बडवायचेच, टाइपरायटरवर शिकलेला हात होता. सांगता सांगता बर्थांना झोप लागायची आणि मास्तर ऐकलेल्या ओळी सावकाश दुरुस्त करत बसायचे. त्या दुपारी ॲंजेलाने एका पुस्तकाची मुद्रितं तपासली, पाळी परत दिली, मास्तरांनी हळदीचं एक गाणं अर्ध्यावर आणून सोडलं, आणि उठताना सवयीने बाण पुन्हा तिच्याकडे ढकलला.

गुरुवारी ते चर्चमधल्या पहाटेच्या मिस्सेला जायला उठले, बूट घालायला खुर्चीत बसले, आणि तिथून उठलेच नाहीत.

बाहेरच्या खोलीत शवपेटी ठेवायची म्हणून जेन्सनने आणि शेजाऱ्यांनी टेबल हलवलं. मास्तरांचा कॉम्प्युटर बर्थांच्या झोपायच्या खोलीत गेला. स्मरणपत्रिकेसाठी मास्तरांचा फोटो त्यातूनच काढायचा होता, म्हणून जेन्सनने तो तिथे चालू केला आणि वायफायच्या डब्यापासून तारही तिथवर ओढून दिली. ॲंजेलाने लॅपटॉप माडीवरच्या आपल्या खोलीत नेला. काम पुन्हा सुरू करायच्या दिवशी ती पापडीच्या बाजारात गेली आणि नवा कीबोर्ड घेऊन आली. दुकानदाराने विचारलं, माऊस देऊ का बरोबर? ती द्या म्हणाली. इतकं सोपं होतं ते.

मग एके दुपारी, एका प्रवासवर्णनाच्या मुद्रितात, वाक्याच्या मधोमध अक्षरं उमटली. सससस, मग क, मग एक लांब रिकामी जागा. ॲंजेलाचे हात मांडीवर होते.

नवाच कीबोर्ड बिघडका निघाला असं वाटून तिने तो उपसून काढला. दुसऱ्या दुपारी, कीबोर्ड नसताना, बाण आपोआप हलला आणि अक्षरं पुन्हा सुरू झाली. अर्थ काही नाही, पण थांबणं, पुन्हा सुरू होणं माणसासारखं. तिला मानेवर कोणी श्वास सोडल्यासारखं झालं.

बाहेरचं कोणी शिरलं असणार म्हणून तिने वायफायचा पासवर्ड बदलला आणि तो फक्त जेन्सनला कळवला. अक्षरं येतच राहिली. म्हणजे बाहेरचं कोणी नव्हतं. खाली बर्थांच्या खोलीचं दार दुपारी लोटलेलं असायचं, त्या झोपायच्या. सकाळी केर काढताना ॲंजेलाने मास्तरांचा कॉम्प्युटर पाहिला, पडदा काळा होता. आणि ते जोडलेलं प्रकरण तर टेबल हललं तेव्हाच संपलं, असं ती धरून चालली होती. शेजारी बसायचं राहिलं, तर जोडणार काय?

राहिला जेन्सन. कॉम्प्युटरचं कळणारा तोच होता. मास्तर असताना तो वालीवच्या आपल्या वर्कशॉपमधून, फोनवरून, त्यांचा कॉम्प्युटर उघडायचा. "पप्पा, माऊसवरचा हात काढा, मी करतो," हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. आणि कबरीवरची फुलं सुकायच्या आतच तो म्हणाला होता, "पप्पांची मशीन मी नेतो. आतलं रिकामं करून घेतो." आतलं म्हणजे गाणी. तो रोज दुपारी तिथे शिरून एकेक करून पुसतोय, आणि त्या भरात चुकून आपल्याकडे येतोय, हे ॲंजेलाच्या मनात एकदा बसलं ते हललं नाही. संशयाला पुरावा लागत नाही, रिकामी दुपार पुरते.

रविवारी मिस्सेनंतर जेन्सन जेवायला आला. येताना बोंबील घेऊन आला होता.

"दुपारी काय करतोस रे तू?" ताटं वाढून झाल्यावर ॲंजेलाने विचारलं.

"लेथ चालवतो. तुझ्यासारखा पंख्याखाली बसून दुसऱ्यांच्या वेलांट्या मोजत नाही."

"पप्पांचा कॉम्प्युटर उघडतोस फोनवरून?"

"पप्पा होते तेव्हा उघडायचो. आता कशाला उघडू?"

"गाणी पुसायला."

जेन्सनचा घास हातातच राहिला. "काय बोलतेस, कळतंय का तुला?"

"रिकामं करतो म्हणाला होतास."

"तुला सगळं पेनड्राइव्हवर काढून देणार, मग रिकामं करणार. एवढं पण सांगायला लागतं?"

"सांगितलं असतंस तर विचारलं नसतं."

"विचारलं नाहीस. चोर म्हणालीस."

"जेवताना मशीनचं काढू नका," बर्था म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. बोंबलाचा काटा त्या उगीचच ताटाच्या कडेला लावत बसल्या.

जेन्सनने हात धुतला. "पप्पांच्या महिन्याच्या मिस्सेला येईन. तोवर बोलवू नकोस."

फाटकाचा आवाज झाला. बर्था म्हणाल्या, "मला आता तुम्ही दोघंच आहात. एकाला तू घालवलंस," आणि उरलेले बोंबील झाकून ठेवले. ॲंजेला ताटं उचलत राहिली. आपलंच खरं निघावं असं तिला वाटत होतं, आणि खरं निघालं तर पुढे काय, तेही तिला कळत होतं. मग भाऊ राहणार नव्हता.

सोमवारी दुपारी ती लॅपटॉपपुढे दबा धरून बसली. बाण सरकला तसा तिने जेन्सनला फोन लावला. त्याने उचलला. पाठीमागे लेथ घरघरत होतं.

"बोल. दोन्ही हातांना तेल आहे, स्पीकरवर टाकलाय."

पडद्यावर अक्षरं उमटत होती. गगग, म, पुन्हा म.

"तू आत्ता लेथवर आहेस?"

"मग काय चर्चमध्ये अल्तारावर आहे? बोल ना."

तिने सगळं सांगितलं. अक्षरं, बाण, पासवर्ड. ती बोलत असतानाही अक्षरं थांबत नव्हती. जेन्सनने मधे बोलून तिला टोकलं नाही, हे तिला जास्त लागलं.

"बाण कुठून येतो?" त्याने विचारलं.

"डावीकडून."

लेथ बंद झालं.

"ॲंजू, डावीकडे पप्पा बसायचे."

तिने पडद्याच्या डाव्या कडेकडे पाहिलं.

"घाबरू नको. मी ते जोडलेलं काढलंच नाहीये. खोली बदलली म्हणून ते सुटत नाही, आणि पप्पांची मशीन तारेवर आहे, तिला पासवर्ड लागत नाही. फोटो काढला त्या दिवशी मी नुसता पडदा बंद केला, मशीन चालूच असेल. खाली जा. कोणीतरी हात लावतंय."

फोन हातात धरूनच ती जिना उतरली. लोटलेल्या दारातून आधी आवाज आला. कळांचा, जोरजोरात. मधे जरा थांबून पुन्हा. तिने दार ढकललं.

बर्था मास्तरांच्या खुर्चीत बसल्या होत्या. डोळे मिटलेले, मान खुर्चीला टेकलेली, आणि दोन बोटं कळांवर पडत होती. समोरचा पडदा काळा होता. चाहूल लागली तसा त्यांनी हात पदराखाली घेतला.

"बंद आहे तो," त्या म्हणाल्या. "मी काही बिघडवलं नाही."

"मम्मी, काय करतेस?"

"झोप लागत नाही गं दुपारची. इतकी वर्षं हा खडखडाट ऐकत झोपले. रात्रीचं जमतं, रात्री तेही झोपायचे." त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं. "काल सांगणार होते. पण त्या पोरासमोर काय सांगू, आई डोळे मिटून मशीन वाजवते म्हणून?"

"आणि माऊस?"

"तो आधी तुझ्या बाजूला सरकवते. ते उठताना सरकवायचे तसा. तुझी पाळी म्हणून."

फोनमधून जेन्सनचा आवाज आला. "कोण आहे गं?"

"मम्मी," ॲंजेला म्हणाली. मग, "जेन्सन, मी चुकले. आज संध्याकाळी ये."

"जेवायला काय?"

"बोंबील आहेत कालचे. नाहीतर मी काहीतरी करते."

"कालचेच चालतील," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने लेथ पुन्हा सुरू झालं.

ॲंजेलाने आईला उठवून खाटेवर झोपवलं आणि स्वतः खुर्चीत बसली. पडद्याचं बटण दाबलं, माऊस डावीकडे ओढून बाण परत आणला आणि गाण्यांची फाइल उघडली. हळदीचं गाणं तिथेच उभं होतं, अर्ध्यावर, बुधवारचं.

"पुढची ओळ सांग," ती म्हणाली. "मी मारते कळा."

"त्यांच्यासारख्या जोरात मार. तू पावाला लोणी लावल्यासारखं टाइप करतेस."

बर्थांनी ओळ सांगितली, मग दुसरी. तिसरी सांगता सांगता त्यांचे शब्द लांबत गेले. भिंतीकडे वळून त्या म्हणाल्या, "तू इयरफोन घालून बसायचीस ना, तेव्हा ते मला विचारायचे. हिला पोचलं असेल का गं? मी म्हणायची, पोचलं नसतं तर ओरडली असती. तरी माझ्याकडे बघत बसायचे."

"आणि?"

बर्थांना झोप लागली होती. ॲंजेला कळा मारत राहिली, ओळ नव्हती तरीही, जोरात. मग तिने माऊस धरला आणि उजवीकडे सरकवला. बाण कडेपर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. वर माडीवर, रिकाम्या खोलीत, तो आत्ता डावीकडून बाहेर आला असणार.

तिने कानाला हात लावून पाहिला, इयरफोन नव्हते.

"आलं, पप्पा," ती मोठ्याने म्हणाली. "रोज येत होतं."