अंगठ्याखालची धडधड

मी कात्री. कापड कापायची, मोठी, काळ्या मुठीची. आता खिळ्याला टांगलेली असते, म्हणून बोलायला वेळच वेळ आहे. एकेकाळी कुठली फुरसत!

माझी मालकीण कपडे शिवायची. मी नवी होते तेव्हा तिची बोटं कशी सरळसोट होती! खडूची रेघ ओढली की आम्ही दोघी एका दमात सुटायचो. टोकाला पोचलो की ती स्वतःशीच म्हणायची, "झालं बाई." ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

मग तिला संधिवात जडला. सकाळी बोटं मिटायचीच नाहीत. गरम पाण्यात हात धरून बसायची, माझ्या मुठीला मऊ चिंध्या गुंडाळायची, आणि मग मला उचलायची. गिऱ्हाईक आलं की हात कापडाखाली. वाकडी बोटं दिसली तर काम कोण देणार, ही धास्ती तिला आतून पोखरत होती. शिवण मारायला धाकटी जाऊ होती, पण कापणं दुसऱ्याच्या हाती देईल तर शपथ!

मी जरा कुरकुरले की माझ्या स्क्रूवर लगेच तेलाचा थेंब पडायचा. स्वतःची कुरकुर मात्र तिने कधी ओठांवर येऊ दिली नाही.

एकदा शाळेच्या गणवेशांची घाई चालली होती. कापता कापता ती डावा खांदा चोळायला लागली. तिच्या अंगठ्याखालची धडधड मला कळत होती.

"ताई, चेहरा का उतरलाय?" जाऊने विचारलं.

"सांधेच गं. आज खांद्याची पाळी."

"आणि हा घाम?"

"उकडतंय."

उकडतंय कसलं, डोक्यावर पंखा गरगरत होता! दुखलं की सांधेच, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की दुसरं काही तिच्या मनातही येईना. आणि मी ओरडणार कशी? तेवढ्यात मी तिच्या हातून निसटले, खणकन फरशीवर आपटले. माझं टोक मोडलं. इतक्या वर्षांत तिने मला कधी पाडलं नव्हतं. जाऊ मशीन सोडून धावली.

"बास झालं तुमचं सांधेपुराण! आधी दवाखान्यात चला."

हृदयविकाराचा झटका होता. वेळेवर पोचली म्हणून वाचली. डॉक्टर म्हणाले, या संधिवाताची सूज सांध्यांपुरती राहत नाही, हृदयालाही धोका असतो, त्यात मनावरच्या ताणाची भर. जाऊ येईल त्याला हे सांगायची, तेव्हा मीही ऐकलं.

आता जाऊ कापते, नव्या कात्रीने. मला त्या कात्रीचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? मालकीण शेजारी बसून रेघा ओढून देते. वाकडी बोटं सगळ्यांसमोर उघडी असतात, आणि गिऱ्हाइकं येतातच.

आज सकाळी तिने मला खाली काढलं, तेल घातलं. माझ्या मोडक्या टोकावरून बोट फिरवता फिरवता थांबली.

"अगं ए," तिने जाऊला हाक मारली, "छातीत जरा जड वाटतंय. भीतीही वाटतेय. चल, दाखवून येऊ."

तिची कुरकुर मी पहिल्यांदाच ऐकली. जा बाई, लवकर जा. मला टांगायचं राहू दे.