मुकुटाच्या वर्षातला अर्ज

"मुलंबाळं?" अमिलकारने चष्म्यावरून विचारलं.

"नाहीत," मी म्हणाले.

प्रश्न जुसाराला होता. माझी सून, ब्राझीलची. माझा मुलगा व्हाल्टर इथला नागरिक, म्हणून बायकोला टोरोंटोत कायमचं राहू द्या, असा अर्ज चालला होता. कागद भरणारा अमिलकार आम्ही आलो त्याच बेटांवरचा, आमच्याच चर्चचा, आणि त्याची बायको म्हणजे चालती दवंडी.

जुसाराला लग्नाआधीची एक मुलगी होती. तायना, पाच वर्षांची, तिकडे आजीपाशी. हे आम्हा तिघांनाच ठाऊक. चर्चमध्ये मी सांगून बसले होते, सून कोरी करकरीत आहे म्हणून. त्यात त्या वर्षी पवित्र आत्म्याचा मुकुट, चर्चमधला चांदीचा, दर सणाला चिठ्ठी टाकून एकेका घरी बसवतात तो, आमच्या घरी बसायचा होता. अकरा वर्षं चिठ्ठीत आमचं नाव निघालं नव्हतं. आठवडाभर लोक येणार, गुडघे टेकणार, सूप पिणार. सुनेला परक्या पुरुषाचं पोर आहे म्हटल्यावर कोण कशाला टेकतंय गुडघे?

"देओलिंदाबाई, मी तिला विचारतोय."

"माझ्या घरात मला विचारलंस तरी चालतं."

"तसं नाही हो. इथे जे मूल लपवलं, ते पुढे कधीच आणता येत नाही. कायदाच आहे तसा. म्हणून दोनदा विचारतो. सांग पोरी, मुलं?"

जुसाराने नवऱ्याकडे बघितलं. नवरा पाव कुस्करत होता. बापावर गेलेला, मेणाचा. माझ्या हाताखाली माझं पत्र होतं: हे लग्न खरं आहे, मुलाची आई म्हणून मी साक्ष देते. तिसरीपर्यंत शिकलेली बाई मी, चार दिवस खपून लिहिलं होतं. मी ते उचललं, घडी घातली आणि एप्रनच्या खिशात ठेवलं.

"नाहीत," जुसारा म्हणाली.

"लिहू ना तसं?"

"लिहा म्हटलं ना!" ती ओरडली. "किती वेळा सांगायचं?"

मी पत्र काढून त्याच्यापुढे सरकवलं.

मुकुट आला. दीडशे माणसं जेवली. जुसाराने सूप वाढलं, भांडी घासली, कुठे कमी पडली नाही. अमिलकारची बायको म्हणाली, "सुनेत नशीब काढलंस गं बाई!" ते ऐकताना माझी मान ताठ होती, खोटं कशाला सांगू.

वर्षभराने अर्ज मंजूर झाला. त्याच आठवड्यात तिने मुलीसाठी अर्ज टाकला. या वेळी मला विचारलं नाही आणि अमिलकारकडेही गेली नाही. खोलीत गुलाबी पडदे लावले. मी म्हटलं, "लाव बाई, आता मुकुट नाही घरात."

फेब्रुवारीत उत्तर आलं. ओट्याशी उभं राहून तिने मला वाचून दाखवलं, सावकाश, लहान मुलाला दाखवतात तसं. "तुमच्या अर्जाच्या वेळी हे मूल दाखवलेलं नव्हतं. त्यामुळे ते तुमच्या कुटुंबात धरता येत नाही."

"आई, अमिलकारने तुला सांगितलं होतं," व्हाल्टर म्हणाला.

"आणि तुझ्या कानांत काय बोळे होते?"

तो बाहेर गेला आणि त्या बर्फात गाडी धूत बसला.

"जा मग तिकडे, राहा लेकीजवळ," मी सुनेला म्हटलं. "इथे काय तुला खुंट्याला बांधलंय?"

"आणि तिला खायला काय घालू, सासूबाई? तुमचं पत्र?"

मी माफी मागितली नाही. आमच्याकडे सासू सुनेची माफी मागत नाही, आणि मागून ती पोर विमानात बसणार होती थोडीच.

याला आठ वर्षं झाली. जुसारा दोन ठिकाणी साफसफाईची कामं करते आणि पैसे तिकडे पाठवते. दर वर्षी तिकडची आजी तायनाचं पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवते आणि तो कागद पाठवते. त्या मापाने ही बूट घेते.

परवा या वर्षीचा कागद आला. मी कोबी चिरत होते. तिने तो जमिनीवर पसरला, सपाता काढल्या आणि त्या रेघेच्या आत आपलं पाऊल ठेवलं. बोटांपुढे रेघ चांगली अंगठाभर उरली.

"वाढली," ती म्हणाली. मला नव्हे.

फरशी गार होती. तिने दुसरं पाऊलही त्याच कागदावर घेतलं.