बर्फावरचे तीन पाय

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी तिपाई आहे. कॅमेरा जिच्यावर बसवतात ना, तीच. फोटो छान आला की कौतुक कॅमेऱ्याचं होतं. तो थरथरला नाही तो कुणामुळे, हे कुणी विचारत नाही. असो, मला त्याची सवय आहे.

मला घडवलं जपानमधल्या होक्काइदो बेटावरच्या तोकुझोसान सुतारांनी, स्वतःच्या कॅमेऱ्यासाठी. तिथल्या हिवाळ्यात धातूला हात लावला की कातडी चिकटते, म्हणून त्यांनी चिवट लाकूड निवडलं आणि माझ्या पायांना लोखंडी टोकं बसवली. कडक बर्फातही मी घट्ट रुतून उभी राहते. दर हिवाळ्यात पहाटे पुलावरून आम्ही नदीतल्या क्रौंच पक्ष्यांचे फोटो काढायचो. उन्हाळ्यात मात्र मी छत्र्यांच्या कोपऱ्यात! एकदा तर माझ्यावर चक्क मुळे वाळत घातले होते.

तोकुझोसानच्या पत्नी फुमिएसान त्या पक्ष्यांना मका टाकायच्या. त्यांतली वाकड्या पायाची एक मादी त्यांची फार लाडकी. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं लंगडी. मग एका वर्षी बर्फावर घसरून फुमिएसानचं मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण मनात भीती बसली. हिवाळा आला तरी त्या उंबरठा ओलांडेनात. शेगडीपाशी बसून एकच घोकणं चाले, "माझी लंगडी आली असेल का हो? की गेली बिचारी?"

एका पहाटे धुक्यातून लंगडी खरंच आली. तोकुझोसाननी भराभर फोटो काढले आणि आनंदाच्या भरात तिथेच फिल्म गुंडाळायला लागले. शेजारी उभे असलेले त्यांचे मित्र कुमागाई ओरडले, "अहो, हळू! फिल्म आहे ती, विहिरीचा रहाट नाही!"

पण व्हायचं ते झालं. कोरड्या थंडीत फिल्म घाईने गुंडाळली की घासून आत विजेच्या बारीक ठिणग्या उडतात आणि त्या फिल्मवर उमटतात. संध्याकाळी फोटो धुतले, तर प्रत्येक फोटोवर विजेसारख्या रेघा, आणि नेमक्या पक्ष्यांच्या पायांवर!

"अगं, तीच होती. मी बघितली ना!" तोकुझोसान काकुळतीने म्हणाले.

"मला बरं वाटावं म्हणून थापा मारताय," फुमिएसान म्हणाल्या. बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर कोपऱ्यात माझ्याकडे वळली. "ती तिपाई आणा हो इकडे. ती नाही ना घसरत?"

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घरी राहिला आणि मी निघाले. फुमिएसान मला पुढे रोवायच्या, घट्ट धरायच्या, मग एक पाऊल टाकायच्या. मी जिवाच्या आकांताने बर्फ धरून होते. मागून तोकुझोसान, "सावकाश गं, सावकाश!"

"तुम्ही कुणाला सावकाश शिकवताय?" त्या म्हणाल्या.

पुलाखाली लंगडी उभी होती. वाकडा पाय वर घेऊन, शेजारी तपकिरी मानेचं पिल्लू घेऊन. फुमिएसान हसता हसता रडायला लागल्या. "अगं बये, तूही लंगडी, मीही लंगडी, आणि दोघी अजून उभ्या!"

मित्रांनो, त्या दिवसाइतकी सुखी मी कधीच नव्हते. आता मी छत्र्यांच्या कोपऱ्यात नसते, दाराशी असते. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल, तिला जरा बाहेर काढा, पुसा, हाताशी ठेवा. आणि माझ्या पायांवरचा बर्फ तेवढा कुणीतरी झटका. उद्या पहाटे आम्हाला पुन्हा पुलावर जायचंय.