देशासाठी गाऱ्हाणं

"मास्तर, यंदा गाऱ्हाणं देशासाठी घाला. नुसतं देशासाठी," मंडपाच्या दोरीला तिरंगी पताका बांधता बांधता सहदेव म्हणाला.

"आणि सुशांतसाठी?"

"पूजा आहे ना आज, मास्तर. नगरसेवक साहेब येतायत. पाण्याची नवी लाइन त्यांच्याच हातात आहे. उगाच वाट लागेल आपली."

गुणाजी मास्तर पूजेच्या नारळाची शेंडी नीट करत राहिले. साकीनाक्याच्या मागच्या त्या चाळीत सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला गाऱ्हाणं घालायचा मान वर्षानुवर्षं त्यांचा. सगळ्यांच्या वतीने त्यांनी देवाशी बोलायचं आणि प्रत्येक मागण्यावर लोकांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावरही चाळीतल्या पोरांना ते हे शिकवत. "आवाज पोटातून काढा. आणि पटलं तरच म्हणा. नाही पटलं तर गप्प बसा, देव रागावत नाही." सहदेव त्यांच्याकडेच शिकला. सुशांतही. सुशांतचा आवाज तर पार रस्त्यापर्यंत जायचा.

तोच आवाज घेऊन तो मोर्चात गेला होता. भरतीचा पेपर फुटला म्हणून. लाठीमारात खाली कोसळला तो पुन्हा उठलाच नाही. पळताना पडून मेला, असं दुसऱ्या दिवशी सांगण्यात आलं. त्याला शेवटची आंघोळ घालणाऱ्यांत मास्तर होते. पडलेल्या माणसाच्या पाठीवर तसे वळ उठत नाहीत.

अजून तेरावं व्हायचं होतं. सुतकात असल्यामुळे त्याची आई, कमल, दोरीबाहेर कोरड्या नळाच्या कट्ट्यावर बसली होती. सकाळी तिने मास्तरांना थांबवलं होतं. "मास्तरांनु, पोलिसांका कागदार काय लिवचा ता लिवूंदे. देवाक तरी खरां सांगा."

साहेब आले, हार घालून घेऊन पुढच्या खुर्चीत बसले. मास्तर नारळ घेऊन देवासमोर उभे राहिले.

"बा देवा महाराजा! ह्या चाळीतली लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, त्यांची राखण कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ह्या देशार जी काय इडापिडा इली हा, ती दूर कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"खुर्चयेर बसलेल्यांका खरां बोलाची बुद्धी दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" साहेबांचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

मास्तरांनी दम घेतला. त्यांची बोटं नारळाच्या शेंडीत रुतली होती.

"कमलाचो झिल सुशांत पडान मेलो नाय, तेका मारल्यानी. जेंनी काठी उगारली, जेंनी उगारूक सांगितल्यानी आणि जे बघून गप रवले, त्यांका झोप लागू देव नको रे महाराजा!"

स्पीकर तेवढा घरघरत होता. बायकांनी माना खाली घातल्या, पुरुषांना पताकांत काहीतरी बघण्यासारखं सापडलं. वर्गात एखाद्या पोराला उत्तर आठवेपर्यंत मास्तर जसे थांबत, तसेच ते थांबले.

"फोडा नारळ, मास्तर," सहदेव कानाशी कुजबुजला.

"उत्तर येऊ दे."

साहेबांनी मोबाइल कानाला लावला आणि कोणाशीही न बोलता ते चालते झाले. त्यांच्या गाडीचं दार आपटलं, आणि मग दोरीपलीकडून एकटाच आवाज आला.

"व्हय महाराजा."

कमल उभी राहिली होती.

मास्तरांनी नारळ फोडला नाही. तो तसाच हातात घेऊन ते दोरीखालून वाकून बाहेर आले आणि कट्ट्यावर कमलच्या शेजारी बसले.

"अहो मास्तर, सुतक आहे तिला!" मागून कोणीतरी ओरडलं.

"पोरगो चाळीचो होतो," मास्तर मागे न बघता म्हणाले. "सुतक कोणाक नाय?"

मंडपात घाईघाईने देशभक्तीचं गाणं लागलं. प्रसाद वाटायला सुरुवात झाली. सहदेव शिऱ्याचे दोन द्रोण घेऊन दोरीपर्यंत आला आणि तिथेच अडला. पलीकडे पाऊल टाकावं की नाही, ते त्याला कळेना. शिरा हातात निवत गेला. मग खाली मान घालून तो हळूच पुटपुटला,

"व्हय महाराजा."

मास्तरांनी मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"ऐकाक येना नाय," ते म्हणाले.