काकडी खाल्ल्याची थाप

"रडू येतं का गं मधूनमधून?" पोट बांधता बांधता मक कल्सोमनं विचारलं आणि हस्लिंदाचे कान टवकारले.

तेरेंगानूच्या किनाऱ्यावरच्या त्या गावातल्या साऱ्या बाळंतिणी या म्हातारीच्या हाताखालून गेलेल्या; सगळ्या तिला 'मक', म्हणजे आई, म्हणत. नऊ दिवस ती हस्लिंदाला गरम दगडानं शेकत होती, तेल चोळत होती, पोटाला कापड गुंडाळत होती. पण असलं काही तिनं कधी विचारलं नव्हतं. आजच ही चौकशी का?

"दवाखान्यातल्या नर्सनं आम्हा मालीशवाल्यांना शिकवलंय, विचारत जा म्हणून," ती म्हणाली.

हस्लिंदाला ते पटलं नाही. मालीश झाली की हीच बाई स्वयंपाकघरात सासूबरोबर तासभर चहा ढोसते. तिथे काय नुसत्या हवापाण्याच्या गप्पा होतात?

"मी मजेत आहे," ती म्हणाली.

मजेत कसली! बाळाला आंघोळ घालताना तिच्या मनात यायचं, हात सोडून द्यावा. मग दिवसभर ती स्वतःच्याच हातांना भिऊन बसायची. हे कळलं तर बाळंतवेड लागलं म्हणतील. शेजारच्या रोकियाला लागलं तेव्हा 'चार दिवस' म्हणून तिचं बाळ नणंदेकडे नेलं. त्याला आता दोन वर्षं झाली, बाळ अजून तिकडेच. हस्लिंदाचीही नणंद होती, सालेहा. लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ती रोज येऊन बाळाला छातीशी धरायची, आणि ते हस्लिंदाला सलायचं. नवरा समुद्रात तेलविहिरीवर, महिनाभर तरी यायचा नाही.

पण सांगितल्यावाचून राहवतही नव्हतं. तिनं म्हातारीची परीक्षा घ्यायचं ठरवलं.

"मक, मी काल काकडी खाल्ली. चोरून," दुसऱ्या दिवशी तिनं थाप मारली.

बाळंतपणाचे चव्वेचाळीस दिवस थंड काही खायचं नाही, त्यात काकडी म्हणजे महापाप. मक कल्सोम "बरं" म्हणाली आणि गाठ मारली.

मग हस्लिंदा सासूच्या तोंडाकडे बघत बसली. माशावर मिरपूड जास्त पडली, कळलं वाटतं! प्यायचं पाणी गरम आहे का बघायला सासू दोनदा आली, नक्कीच कळलं! तिसऱ्या दिवशी सासू अंगणात शेजारणीला सांगत होती, "आमची सून पथ्याला पक्की हो! काकडीकडे ढुंकून बघत नाही."

हस्लिंदाला कितीतरी दिवसांनी हसू आलं. त्याच सकाळी तिनं मक कल्सोमला खरं ते सगळं सांगून टाकलं.

म्हातारीचे हात थांबले नाहीत. "आंघोळ घालतानाच वाटतं, की एरवीही?"

"तेव्हाच."

"स्वतःच्या जिवाचं काही करावंसं?"

"नाही."

म्हातारीनं शेवटची गाठ मारली आणि सासूला हाक दिली, "बेसा, आत ये गं!"

हस्लिंदानं तिचं मनगट धरलं. "मक, तुम्ही कुणाला सांगत नाही ना?"

"काकडी राहील माझ्या पोटात. हे नाही राहायचं, पोरी."

सासूनं सगळं उभ्यानंच ऐकलं. मागे दारात सालेहा, तिच्या खांद्यावर बाळ.

"दे इकडे," सासू म्हणाली आणि बाळ घेतलं. आता नेणार, म्हणून हस्लिंदानं डोळे घट्ट मिटले.

मांडीवर ओझं आलं. डोळे उघडले तर बाळ तिच्याच मांडीवर होतं, आणि सासू तिला खेटून बसली होती, तळवा बाळाच्या डोक्याखाली.

"आंघोळ दोघींनी घालायची. उद्या दवाखान्यात तिघं जाऊ," सासू म्हणाली.

"मा, हा हात आधाराला ठेवलाय, की माझ्यावर पहाऱ्याला?"

"दोन्हीला," सासू म्हणाली, आणि हस्लिंदाला हुंदका फुटला.